शस्त्रांच्या कोऱ्या जागा : १७३९च्या वसईसाठी शब्द शोधताना

ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतलेल्या अनेकांचे घोडे शस्त्रांच्या नावांपाशी अडते. प्रसंग डोळ्यांसमोर उभा असतो, माणसे बोलू लागलेली असतात, आणि नेमक्या त्या क्षणी शिपायाच्या हातात काय होते व तो स्वतः त्याला काय म्हणत असेल, हे ठाऊक नसते. माझी कादंबरी चिमाजी अप्पांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेवर आहे. मार्च १७३७मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा कोट घेतला तिथपासून मे १७३९मध्ये वसईचा किल्ला हाती आला तिथपर्यंतचा काळ तिच्यात येतो. तिचा नायक तलवारबहाद्दर नाही. तो दारूखान्यावरचा कारकून आहे, म्हणजे शस्त्रे आणि दारूगोळा मोजून घेणे, नोंदवणे आणि मोर्चांवर, म्हणजे वेढ्यातल्या लढायच्या ठाण्यांवर, पोचते करणे हेच त्याचे काम. अशा माणसाच्या तोंडी मोघम शब्द शोभत नाहीत. म्हणून खर्डा लिहिताना जिथे खात्री नाही तिथे कोरी जागा सोडून पुढे जायचे, असे मी आधीच ठरवले होते. खर्डा जून २०२३मध्ये पुरा झाला आणि त्या जागा भरून होईपर्यंत जानेवारी २०२५ उजाडला. या दीड वर्षात काय केले, कुठे थांबावे लागले आणि पैसे किती लागले, ते क्रमाने लिहिते, म्हणजे या वाटेने जाणाऱ्याला पहिले पाऊल कुठे टाकायचे याचा तरी अंदाज येईल.

सुरुवात घरबसल्या केली. कोऱ्या जागांची यादी काढली आणि प्रत्येक जागेपुढे, ते वाक्य कोण बोलत आहे हे लिहिले : कारकून, गोलंदाज, शिलेदार, शिडीवर चढणारा हशम म्हणजे पायदळातला शिपाई, की किल्ल्यातला पोर्तुगीज. हे टिपण तेव्हा केवळ सोयीसाठी केले होते, पण पुढच्या सगळ्या शोधाला दिशा त्यानेच दिली. एकाच वस्तूला सैन्यातले सगळे एकाच नावाने हाक मारत नाहीत. हिशेबात लिहिताना एक शब्द येतो आणि मोर्चावर ओरडताना दुसरा.

मग कोश उघडले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. दोन्ही आता इंटरनेटवर फुकट शोधता येतात. संध्याकाळी बँकेतून घरी आल्यावर जेवण उरकून मी रोज थोडे थोडे शब्द काढत असे. या कोशांनी पुष्कळ दिले, पण त्यांची मर्यादाही लवकरच कळली. मोल्सवर्थच्या हाती आलेली मराठी वसईच्या लढाईनंतर शंभर वर्षांनी बोलली जाणारी मराठी आहे. त्यात शब्द आहे म्हणून तो १७३९मध्ये होताच असे नाही, आणि असला तरी त्याचा अर्थ तोच होता असेही नाही. ‘बाण’ हे याचे उत्तम उदाहरण. आजचा वाचक बाण म्हटले की धनुष्याकडे पाहतो. अठराव्या शतकातल्या लढाईच्या कागदांत मात्र बाण म्हणजे बहुधा बांबूला बांधलेली, आत दारू ठासलेली लोखंडी नळी, जी पेटवून शत्रूवर सोडत. धनुष्यातून सुटतो तो तीर, आणि तो सोडणारा तिरंदाज. ‘होका’ म्हटले की आपल्याला होकायंत्र आठवते, पण दारूखान्याच्या यादीत होके येतात ते हाताने फेकायच्या दारूच्या गोळ्यांसाठी.

राज्यव्यवहारकोशही या टप्प्यावर पाहिला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या या कोशात दहा वर्ग आहेत आणि त्यांतला एक शस्त्रवर्ग आहे. फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणे हा त्याचा हेतू. माझ्या कामाला त्याचा उपयोग थोडा वेगळ्या रीतीने झाला. पर्याय ज्या शब्दांना दिले आहेत, ते मूळ शब्द त्या काळी दरबारात आणि कारखान्यांत सर्रास चालत होते, याचा तो एक प्रकारे पुरावाच आहे. संस्कृत पर्याय वाचताना फार भारदस्त वाटतात आणि कादंबरीत वापरण्याचा मोह होतो, पण पेशवाईतली पत्रे वाचली की रोजच्या व्यवहारात फार्सी वळणाचेच शब्द चालू राहिलेले दिसतात. माझ्या कारकुनाला मी म्हणूनच संस्कृत बोलू दिले नाही.

पावसाळाभर छापील पत्रे वाचली. गो. स. सरदेसाई यांनी १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात संपादित केलेल्या पेशवे दफ्तराच्या पंचेचाळीस खंडांत वसईच्या मोहिमेची पत्रे आहेत. इंटरनेटवरच्या छायाप्रती वाचून डोळे दुखू लागल्यावर मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसू लागले. ही संस्था १८९३ची आहे, आणि शनिवारी दुपारी तिथे लाकडी टेबलाशी बसून जुनी पत्रे वाचणे हा माझ्यासाठी त्या पावसाळ्यातला सर्वांत सुखाचा भाग होता. एक सूचना करते : ही पत्रे शब्द ‘शोधण्यासाठी’ वाचू नयेत. सूचीत शस्त्राचे नाव पाहून तेवढेच पान उघडले, तर नाव मिळते आणि बाकी सगळे निसटते. सलग वाचली तर मोर्चे कसे पुढे सरकत होते, सुरुंगाचे काम कुठवर आले, शिड्या किती उंचीच्या लागतील, दारू कुठून येणार, अशी काळजी कळत जाते, आणि शब्द त्या काळजीच्या आतून येतात.

याच काळात माझ्या वहीचे रूप बदलले. आधी मी केवळ नामे टिपत होते. हळूहळू ध्यानात आले की नाव मिळाल्याने वाक्य होत नाही. नावाबरोबर चालणारे क्रियापद मिळावे लागते. तलवार उपसतात, परजतात, म्यान करतात. भाला रोखतात किंवा फेकतात. कट्यार खुपसतात. बंदूक ठासतात आणि मग झाडतात. तोफ डागतात, तोफेला बत्ती देतात. तोडा शिलगावतात. सुरुंग खणतात, भरतात, उडवतात. नाव अगदी अस्सल असले आणि क्रियापद आजच्या बातमीतले असले, तर ते वाक्य कानाला खटकते. शस्त्राच्या नावांचे शब्दकोश अनेक आहेत, पण शस्त्र आणि क्रियापद यांच्या जोड्या जुन्या पत्रांखेरीज कुठे एकत्र मिळत नाहीत. म्हणून वहीत मी रकाने आखले : शब्द, कोणत्या सालचा कागद, कोणी कोणाला लिहिला, आणि क्रियापद. हा शेवटचा रकाना मला सर्वांत जास्त उपयोगी पडला.

आज्ञापत्राचा इथे मुद्दाम उल्लेख करते. रामचंद्रपंत अमात्यांचा हा ग्रंथ १७१५-१६च्या सुमाराचा, म्हणजे माझ्या कथेच्या आधी जेमतेम वीस-पंचवीस वर्षांचा. त्यात किल्ल्यांविषयीच्या भागात दारूखाना कसा असावा हे सांगितले आहे. तो घराजवळ आणि घराच्या वाऱ्याखाली असू नये, सदरेपासून दूर जागा बांधून सभोवती कुसू म्हणजे कुंपण घालावे, तळघर करावे, त्यात माच म्हणजे उंच मांडणी घालून त्यावर दारूचे बस्ते आणि मडकी ठेवावीत, बाण आणि होके मधल्या घरात ठेवावेत, सर्दी पोचू देऊ नये, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने येऊन सगळे बाहेर काढावे, ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे. हा मजकूर मी कितीतरी वेळा वाचला. माझ्या नायकाचा सगळा दिनक्रमच त्या चार ओळींत होता. दारूला ऊन दाखवायचे म्हणजे त्या दिवशी आजूबाजूला चूल पेटणार नाही, चिलीम ओढणाऱ्याला हाकलावे लागेल, आणि ढग आले तर सगळ्यांची धावपळ उडेल. एक आख्खे प्रकरण मला त्यातून मिळाले, आणि त्यातला एकही शब्द मला बाहेरून आणावा लागला नाही : बस्ते, मडकी, माच, मुद्रा.

छापील साधने संपत आली तशी मूळ कागद पाहण्याची गरज भासू लागली, आणि त्यासाठी मोडी यायला हवी होती. ऑक्टोबर २०२३मध्ये मी मोडीच्या वर्गात नाव घातले. असे वर्ग सरकारचा पुराभिलेख विभाग आणि इतिहासाच्या संस्था अधूनमधून घेतात, फी माफक असते, आणि वर्गात निवृत्त तलाठ्यापासून महाविद्यालयीन मुलांपर्यंत सगळे असतात. अक्षरओळख दहा-बारा दिवसांत होते. वाचन मात्र त्यानंतर सुरू होते. कात्रजच्या घाटात धुके उतरावे तसे पहिले काही आठवडे कागदावर नुसत्या रेषा दिसतात आणि मग एखादा शब्द अचानक उघडा पडतो. आमचे मोडीचे सर वर्गात एक गोष्ट सतत सांगत : “शब्द सापडला की लगेच खूश होऊ नका. तो कोणी लिहिला, कोणाला लिहिला आणि कशासाठी लिहिला, ते पाहा. जमाखर्चातला शब्द वेगळा आणि पत्रातला वेगळा.” माझ्या वहीतल्या रकान्यांना त्यांचे हे बोलणे अगदी लागू पडले.

डिसेंबरमध्ये पुण्यातल्या एका दफ्तरखान्यात कागद पाहण्याच्या परवानगीसाठी अर्ज केला. अर्जासोबत आधार कार्डाची प्रत, छायाचित्र, अभ्यासाचा विषय आणि कालखंड, आणि शक्य असल्यास एखाद्या संस्थेचे शिफारसपत्र द्यावे लागते. मी विद्यापीठातली नाही, त्यामुळे शिफारसपत्र कोणाकडून आणायचे हा प्रश्न होता. ग्रंथालयाने ते दिले. पहिला अर्ज विषय फार व्यापक आहे या शेऱ्यासह परत आला. मग ‘मराठेशाहीतील शस्त्रे’ याऐवजी ‘वसई मोहीम, १७३७ ते १७३९, दारूगोळा व तोफखाना यांच्या याद्या’ असा विषय लिहिला. त्यानंतरही उत्तर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. या दोन महिन्यांत मी फार अस्वस्थ होते. कादंबरी पुढे सरकत नव्हती, आणि परवानगी आली नाही तर काय, हा विचार रात्री छळत असे. ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी विषय जितका बारीक करता येईल तितका करावा, सालांचा उल्लेख करावा, आणि उत्तराची वाट पाहण्याच्या काळासाठी दुसरे काम हाताशी ठेवावे. नोकरी करणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण अशी की सरकारी दफ्तरे शनिवार-रविवार बंद असतात, आणि तेवढेच दिवस आपल्याला मोकळे असतात. माझ्या किरकोळ रजा त्या वर्षी सगळ्या पुण्याच्या वाटेवर गेल्या. पहाटेची इंद्रायणी एक्स्प्रेस पकडायची, दिवसभर वाचायचे आणि रात्री परत यायचे, असा क्रम होता.

पहिला रुमाल समोर आला तो क्षण सांगण्यासारखा आहे. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. कर्मचाऱ्याने गाठ सोडली, कापडाचे चारही कोपरे पसरले, आणि जाडसर हातकागदाचे लांबट बंद दिसले, शाई अजून काळी. टिपणासाठी केवळ पेन्सिल वापरायची, कागदावर हात टेकायचा नाही, छायाचित्र काढायचे नाही, प्रत हवी असल्यास वेगळा अर्ज द्यायचा आणि पैसे भरायचे, असे नियम मला समजावून सांगितले. मी पहिला अर्धा दिवस तारखाच लावत बसले. त्या काळच्या कागदांवर सुहूर सन असतो आणि तो अरबी अंकनामांनी लिहिलेला असतो. ‘तिसा सलासीन मया व अलफ’ म्हणजे नऊ, तीस, शंभर आणि हजार, एकूण ११३९. हे साल मृगाला बदलते, म्हणून ते १७३८च्या उन्हाळ्याच्या अखेरीपासून १७३९च्या त्याच सुमारापर्यंत चालते. वसई पडली ते हेच साल. ही अंकनामे घरून पाठ करून जावे आणि जंत्री, म्हणजे जुन्या तिथ्या-सालांचा इंग्रजी तारखांशी मेळ दाखवणारे पुस्तक, जवळ ठेवावी. त्याचप्रमाणे वजने पक्की हवीत : चाळीस शेरांचा मण आणि वीस मणांची खंडी. पावाला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. ती रेघ नजरेतून सुटली की हिशेब फिरतो.

दारूगोळ्याच्या याद्या वाचताना माझी सगळ्यात जास्त करमणूक झाली आणि शिकणेही सगळ्यात जास्त झाले. यादी करणारा माणूस वस्तूचे वर्णन करत नाही, तो तिला ओळखू येईल एवढेच नाव देतो. लांब तोफ वेगळी, मोठ्या तोंडाची गरनाळ वेगळी, तटावर टेकवून झाडायची जेजाल वेगळी. सोरा, गंधक आणि कोळसा वेगवेगळे मांडलेले, कारण दारू तयार मिळतेच असे नाही, ती कुटावी लागते. शिसे वजनावर आणि गोळे नगावर. तोड्यांची मोजणीही वेगळी, कारण तोडा म्हणजे बंदुकीला आग देणारी सुताची वात आणि तिच्याविना बंदूक काठीइतकीच. या एका वस्तूने माझी दोन प्रकरणे बदलली. तोड्याची बंदूक घेतलेल्या शिपायाला तोडा सतत धुमसत ठेवावा लागतो. अंधारात तो ठिणगीसारखा दिसतो, त्याचा वास येतो, आणि पावसाची सर आली की सगळे व्यर्थ. वसईचा वेढा मे महिन्यात संपला. पावसाच्या आधी काम उरकायची घाई चिमाजी अप्पांना का असेल, हे दारूखान्याच्या कारकुनाच्या नजरेतून पाहिले की निराळ्याच तीव्रतेने कळते.

नावे कागदावर मिळाली, पण वस्तू हातात कशी बसते हे कागद सांगत नाही. मार्चमध्ये पुण्यात असतानाच राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले. कट्यारीची मूठ पाहिल्यावर कळते की ती आडवी धरायची असते, मुठीच्या दोन्ही अंगांनी वर आलेल्या पट्ट्या मनगटाला सांभाळतात आणि पाते सरळ मुठीच्या पुढे असते. अशा शस्त्राने वार करता येत नाही असे नाही, पण ते बनले आहे ठोसा मारल्यासारखे खुपसण्यासाठी. तलवारीच्या बाबतीत धोप, समशेर आणि फिरंग यांतला फरक काचेबाहेरूनही समजतो. समशेर वाकडी, धोप सरळ. फिरंगेचे पाते युरोपातले किंवा त्या धाटणीचे, मूठ मात्र इथली, आणि मुठीच्या टोकाला लांब खिळ्यासारखा दांडा, ज्याला दुसरा हात लावून जोर देता येतो. फिरंग्यांविरुद्ध लढणाऱ्याच्या कमरेला फिरंग असणे ही त्या काळी काही आश्चर्याची गोष्ट नव्हती. कादंबरीत एका शिलेदाराला मी ती मुद्दाम दिली. संग्रहालयात जाताना वही आणि पेन्सिल न्यावी आणि मूठ, परज, पाते, म्यान अशी रेखाटने स्वतः काढावीत, भले ती चांगली न जमोत. हात फिरला की डोळा नीट पाहतो.

एप्रिलमध्ये कोल्हापूरला गेले. तिथे मर्दानी खेळांचे आखाडे आजही चालतात आणि त्यांतल्या एका वस्तादांनी संध्याकाळच्या सरावाला येऊन बसायची परवानगी दिली. दांडपट्ट्याविषयी मी वहीत ‘उचलणे’ असे क्रियापद लिहिले होते आणि पुढे प्रश्नचिन्ह केले होते. वस्तादांना विचारले, तर ते म्हणाले, “ताई, पट्टा उचलत न्हाईत, चढवत्यात. हात आत घालायचा, मुठीला धरायचं, मग त्यो तुमच्या हातातच राहतोय.” त्यांनी पट्टा माझ्या उजव्या हातात चढवला. लोखंडी खोबण कोपराच्या जवळपास येते, आतली आडवी मूठ बोटांत धरावी लागते, आणि मनगट वळवायचे म्हटले तरी वळत नाही. पुढे लवचिक, लांब पाते. मी नेहमीच्या सवयीने मनगटातून फिरवू पाहिले तेव्हा काहीच हलले नाही. खांद्यापासून हात फिरवला तेव्हा पाते सळसळत गेले आणि माझा तोल जाऊ लागला. वस्ताद म्हणाले, “पाय थांबला की पट्टा थांबला. पट्टेकऱ्याला उभं ऱ्हायाला मिळत न्हाई.” लढाईच्या वर्णनात पट्टेकरी एका जागी उभा राहून दोन वार करतो असे मी आता लिहूच शकणार नाही. त्याच संध्याकाळी विटा पाहिला. दोरी बांधलेला हा भाला फेकून पुन्हा ओढून घेता येतो, म्हणून त्याच्यासाठी ‘फेकला’ एवढे पुरत नाही, ‘खेचला’ही लागते. दोन तास बसून मला जे मिळाले ते कोणत्याही कोशात नाही. वस्तादांनी पैसे घ्यायला साफ नकार दिला. आखाड्याच्या तालमीसाठी मी देणगी देऊन आले.

साताऱ्याच्या संग्रहालयात जुलै २०२४पासून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे ठेवली होती, तीही ऑगस्टमध्ये पाहिली. ती साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रांट डफकडून त्याच्या कुटुंबामार्फत तिकडे गेली, आणि अफजलखानाच्या भेटीत वापरलेली तीच हे सिद्ध करता येत नाही, असे ते संग्रहालयच सांगते. तिथे पाहिले की हे शस्त्र बोटांत घालून तळहातात लपवायचे आहे. माझ्या कथेत तसा प्रसंग नाही, म्हणून वाघनखे मी कोणालाच दिली नाहीत. माहीत झालेले सगळे वापरायचे नसते, हे मी इथे मनाशी पक्के केले.

पोर्तुगीज बाजूसाठी पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दफ्तरांतून काढून मराठीत मांडलेले काम फार आधाराचे ठरले. किल्ल्यातला शिपाई बोलतो तेव्हा त्याच्या तोंडी मराठी फौजेतले शब्द मी घातले नाहीत, आणि मराठी मोर्चावरच्या माणसाच्या तोंडी ‘काडतूस’ घातले नाही, कारण हा शब्द पोर्तुगीजातून आला असला तरी मी वाचलेल्या त्या वर्षांच्या मराठी कागदांत तो दिसला नाही. पुरावा नसेल तिथे मी साधे वर्णन केले : कागदात बांधलेली दारू. कोरी जागा भरण्याचा हा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. खात्री नसलेला भारी शब्द वापरण्यापेक्षा वस्तू कशी दिसते आणि काय करते, एवढे लिहावे.

ऑक्टोबरपासून शब्द प्रत्यक्ष मजकुरात बसवायला घेतले. अनोळखी शब्दाला लगेच समानार्थी शब्द जोडून देणे मी टाळले, कारण पात्रांना तो शब्द अनोळखी नसतो. त्याऐवजी पहिल्या वापरात कृती दाखवली. बाण प्रथम येतो तेव्हा माझा कारकून बांबूची दोरी ताणून पाहतो, नळीच्या तोंडाची माती निघाली नाही ना हे तपासतो, आणि तिथूनच वाचकाला कळते की हा धनुष्याचा बाण नव्हे. एका पानावर दोनपेक्षा जास्त अनोळखी शब्द येऊ दिले नाहीत. ज्या प्रसंगात घाई आहे तिथे ओळखीचेच शब्द ठेवले, आणि बारीक नावे मोजदादीच्या, साठवणीच्या, दुरुस्तीच्या शांत प्रसंगांत आणली. तिथे ती सहज रुजतात, आणि नंतर लढाईत आली तर वाचक अडखळत नाही.

खर्चाचे सांगायचे तर मोडीचा वर्ग, पुण्याचा आणि कोल्हापूरचा प्रवास, मुक्काम, प्रतींचे पैसे, काही जुनी पुस्तके आणि आखाड्याची देणगी धरून अठरा-एकोणीस हजार रुपये लागले. त्यात प्रवास आणि मुक्काम यांचाच वाटा मोठा. पुण्यात राहणाऱ्याचे काम याच्या निम्म्यात होईल. सरावासाठी किंवा पाहण्यासाठी म्हणून जुने शस्त्र विकत घेण्याचा विचार कोणी करत असेल, तर आधी कायदा पाहावा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या कायद्याने पुराणवस्तू ठरते, तिचा व्यापार परवान्याविना करता येत नाही, आणि शस्त्रांना शस्त्र अधिनियमही लागू होतो. मला ती गरज पडली नाही.

जानेवारी २०२५मध्ये हस्तलिखित प्रकाशकांकडे गेले. त्यासोबत मी एक स्वतंत्र कागद जोडला आहे, आणि हे प्रत्येकाने करावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यावर कादंबरीत येणारे सर्व शस्त्रवाचक शब्द अकारविल्हे आहेत, प्रत्येकापुढे मान्य लेखन, लिंग, अनेकवचन आणि त्याच्याबरोबर येणारे क्रियापद आहे. मुद्रितशोधकाला ‘होके’ पाहून ‘हुक्के’ करावेसे वाटणे किंवा ‘गरनाळ’चे ‘घरनाळ’ होणे अगदी स्वाभाविक आहे. त्याच्याकडे यादी असली तर तो थांबून विचारतो. पहिली मुद्रिते मार्चमध्ये आली. समासात मुद्रितशोधकांनी तीन ठिकाणी प्रश्न केले होते, तिन्ही यादीत नसलेल्या शब्दांविषयी होते, आणि ते शब्द मी यादीत घालून दुसरी प्रत त्यांना पाठवली.